फेटा नसलेला शिपाई

मंडळी, मागच्या अंकात छताच्या पन्हाळीबद्दल लिहिलं होतं. त्यावर दोघा-तिघांचे फोन आले आणि एका वाचकांनी तर आपल्या घरची पन्हाळ बघायला बोलावलं. (गेलो होतो. चहा उत्तम होता. पन्हाळ मात्र बदलावीच लागेल.) या वेळी त्याच गॅरेजच्या दुसऱ्या कोपऱ्यातली गोष्ट सांगणार आहे. तिथे शिडी-हातोडीचं काम नाही. तिथे भिंग, टूथपिक आणि चार केसांचा ब्रश चालतो.

पापाटोएटोला आम्ही हे घर घेतलं तेव्हा गॅरेज हे गाडीसाठी असतं असा आमच्या सौ.चा समज होता. गेल्या नऊ वर्षांत गाडीने ते आतून पाहिलेलं नाही. तिथे माझं सैन्य राहतं: रणगाडे, लष्करी ट्रक आणि त्यांच्या भोवती उभे, बसलेले, विडी ओढणारे, नकाशा बघणारे शिपाई. उंची प्रत्येकाची पाच सेंटिमीटरच्या आत. या प्रमाणाला १/३५ म्हणतात, म्हणजे खऱ्या वस्तूच्या पस्तिसाव्या हिश्शाएवढं. पस्तीसच का, तीस किंवा चाळीस का नाही, याचं कारण इंजिनिअर माणसाला खुदकन हसवणारं आहे. १९६०च्या दशकात तामिया या जपानी कंपनीने मोटरवर चालणारा पँथर रणगाडा काढला. त्याच्या पोटात बॅटऱ्या बसवायच्या होत्या आणि त्या ज्या मापात बसल्या ते माप १/३५ निघालं! पुढे सगळ्या जगाने तेच उचललं. आमच्या धंद्यातही मानकं अशीच ठरतात, फक्त नंतर समिती नेमून त्याला शास्त्रीय कारण दिलं जातं.

"या वयात खेळणी?" असं मला विचारणाऱ्यांना मी एकच प्रश्न विचारतो. तुम्ही लहानपणी दिवाळीचा किल्ला केला होता की नाही? अंगणात दगड रचून, त्यावर माती लिंपून, हळीव पेरून, कुंभाराकडची चित्रं मांडून? तो किल्ला म्हणजे आपल्या प्रत्येकाचा पहिला डायोरामा. आमच्या नगरच्या वाड्यातल्या किल्ल्यावर महाराज वीतभर, मावळे चार बोटं आणि पायथ्याची गवळण महाराजांहून उंच असे. प्रमाणाची ऐशीतैशी! पण कोण कुठे उभा राहायचा यावरून आम्ही भावंडं हमरीतुमरीवर येत असू. मी आठवी-नववीत असताना, १९९४ साली, नगरला रणगाड्यांचं संग्रहालय सुरू झालं. तिथे उन्हात उभे असलेले चर्चिल, व्हॅलेंटाइन आणि पाकिस्तानकडून जिंकून आणलेला पॅटन बघून माझा किल्ला जो वाकडा झाला, तो आजतागायत सरळ झालेला नाही. (नगरचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे, तोंडात जुनंच बसलंय, क्षमस्व.) पुढे मास्टर्स करायला ऑकलंडला आलो, नोकरी लागली, घर झालं, गॅरेज आलं.

आता मुद्द्याचं. गेल्या वर्षी ॲन्झॅक डेच्या आदल्या रात्री आमचे चिरंजीव, वय वर्षे तेरा, गॅरेजमध्ये आले. मी आठव्या आर्मीच्या शिपायांचा एक संच रंगवत होतो. थोडा वेळ बघून म्हणाले, "बाबा, यातले इंडियन कोण?"

मी म्हटलं, "हे दोन. थोडा गडद रंग दिलाय बघ."

"रंग बदललाय. पण नाक तेच आहे ना."

चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. नाक तेच होतं. कपाळ तेच, जबडाही तोच. यॉर्कशायरच्या एखाद्या शेतकऱ्याला मी कॉफी फासून उभा केला होता.

हिंदुस्थानी शिपाई या छंदाच्या बाजारात मिळतच नाहीत असं नाही. पण गेली पंधरा वर्षं मी कॅटलॉग चाळतोय, त्यात मला भेटले ते मुख्यतः दोन प्रकारचे. एक फेट्यातला, दाढीवाला शीख आणि दुसरा कुकरीवाला गुरखा. दोघेही शूर, दोघेही मानाचे, त्याबद्दल वादच नाही. पण ते बनतात याचं एक कारण असंही आहे की ते लांबून ओळखू येतात. मराठा पलटणीच्या शिपायाची अडचण अशी की इटलीत लढताना त्याच्या डोक्यावर इंग्रजाच्या डोक्यावर असायचं तेच लोखंडी टोप, अंगात तोच लोकरीचा खरबरीत बॅटलड्रेस, पायात तेच बूट. दाढी नाही, फेटा नाही, कुकरी नाही. ओळखायचं ते फक्त चेहऱ्यावरून. आणि १/३५ मध्ये माणसाचं डोकं हनुवटीपासून टाळूपर्यंत साडेसहा मिलिमीटर भरतं. भाताचा एक दाणा घ्या आणि त्यावर मावळचा, कोकणचा किंवा नगर जिल्ह्याचा माणूस कोरा.

रंगाच्या बाटल्यांचीही तीच गत. मी पहिल्यांदा विकत घेतलेला हंब्रॉलचा ६१ नंबरचा डबा. त्यावर नाव होतं 'फ्लेश', म्हणजे माणसाच्या अंगाचा रंग. झाकण उघडलं तर आत स्ट्रॉबेरी आइसक्रीम वितळल्यासारखा गुलाबी. त्या दिवशी कळलं की रंगवाल्यांच्या हिशेबात माझं अंग हे अंग नव्हे.

असो. रागावून काय होणार? विशेषतः रेझिनच्या बाबतीत तर कोणावर रागवायचं हाच प्रश्न आहे, आणि तो का, ते जरा सांगायला हवं.

खेळण्यांच्या दुकानात मिळतात ती प्लॅस्टिकची किट पोलादी साच्यात, मोठ्या दाबाखाली बनतात. तो साचा करायला प्रचंड खर्च येतो, त्यामुळे हजारोंनी खपेल तेच माणूस बनवतो. शिवाय पोलादी साचा वाकत नाही. कॉलरच्या खालची खाच, हनुवटीखालची पट्टी असं काही त्यात अडकून बसतं, म्हणून प्लॅस्टिकचे शिपाई जरा सपाट, इस्त्री केल्यासारखे दिसतात. रेझिनचं तसं नाही. आधी कारागीर पुट्टीने एक मूळ पुतळा घडवतो, कापडाच्या सुरकुत्यांसकट. त्याच्याभोवती सिलिकॉन रबर ओततात. ते दिवसभरात घट्ट झालं की कापून मूळ पुतळा बाहेर काढतात आणि त्या पोकळीत दोन द्रव मिसळून केलेलं रेझिन ओततात. रबर वाकतं, त्यामुळे बारीकसारीक खाचाही सुटून येतात. एका साच्यातून काही डझन शिपाई निघतात, मग रबर फाटायला लागतं. म्हणजे हा सगळा कारभार एका खोलीतला, दोन-चार माणसांचा. आमच्या पेणच्या गणपती कारखान्यात रबरी साच्यातून मूर्ती काढतात, त्याचीच ही धाकटी, परदेशी चुलत बहीण. आणि आता तर काँप्युटरवर पुतळा घडवून अतिनील किरणांनी थरावर थर घट्ट करणारी छपाईची यंत्रंही घराघरांत आली आहेत.

याचा अर्थ काय? पन्नास माणसांना हवा असलेला शिपाईसुद्धा बनू शकतो. तो महाग म्हणून अडलेला नाही. मराठा शिपाई बनला नसेल तर कोणी मूळ पुतळा घडवायला बसलं नाही म्हणून. मग ते इंग्रजांनी, बेल्जियमवाल्यांनी किंवा जपान्यांनी का करावं? त्यांनी आपापले आजोबा घडवले. चिरंजीवांच्या नाकाच्या प्रश्नाचं उत्तर शेवटी मलाच द्यायचं होतं.

पण कुठला प्रसंग? इथे मला आपल्या या देशाने मदत केली.

९ एप्रिल १९४५. उत्तर इटलीत सेनियो नावाची नदी. नदी कसली, आपल्या मुठेचा उन्हाळ्यातला ओढाच. पण दोन्ही काठांवर पूर अडवायला बांधलेले पंचवीस-पंचवीस फुटांचे मातीचे बांध, आणि त्या बांधांच्या पोटात जर्मनांनी कोरलेली मशिनगनची बिळं. त्या दिवशी दुपारी आठशेच्या वर अवजड बाँबफेकी विमानं येऊन गेली, मग तोफा, मग संध्याकाळी ज्वालाफेकी गाड्या बांधाशी येऊन पलीकडे आगीचे लोळ फेकू लागल्या, आणि त्यांच्या मागोमाग पायदळ. त्या हल्ल्यात दोन डिव्हिजन जवळजवळ होत्या. डावीकडे न्यूझीलंडची दुसरी डिव्हिजन, आपली माओरी पलटण जिच्यात होती ती. आणि उजवीकडे हिंदुस्थानची आठवी डिव्हिजन. त्या आठव्या डिव्हिजनमध्ये मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण होती.

दर २५ एप्रिलला पहाटे कोटावर पॉपीचं फूल लावून आपण उभे राहतो, तेव्हा पुष्कळांना वाटतं की हा त्यांचा दिवस, आपण पाहुणे. अहो, सेनियोच्या काठी काही मैलांच्या अंतराने एकाच संध्याकाळी दोघेही चिखलात होते! त्याच्या आधी सांग्रोला होते, कॅसिनोला होते. गॅलिपोलीत तर पहिल्याच दिवशी, २५ एप्रिल १९१५ला, हिंदुस्थानी डोंगरी तोफखान्याची खेचरं ॲन्झॅकच्या किनाऱ्यावर उतरली होती.

त्या संध्याकाळी पहिल्या पलटणीत शिपाई नामदेव जाधव नावाचा तेवीस वर्षांचा निरोप्या होता, संगमनेर तालुक्यातल्या निमज गावचा. म्हणजे माझ्याच जिल्ह्याचा. नदी ओलांडून गेलेली त्याची छोटी तुकडी मशिनगनच्या माऱ्यात जवळजवळ साफ झाली. नामदेवने एका जखमी सोबत्याला उचललं, खोल पाण्यातून, निसरड्या बांधावरून, सुरुंगाच्या पट्ट्यातून सुरक्षित जागी आणून ठेवलं. मग पुन्हा गेला आणि दुसऱ्याला आणलं. त्यानंतर एकटा मशिनगनच्या ठाण्यांवर चालून गेला. हाताला गोळी लागली, बंदूक चालवता येईना, ती टाकून दिली आणि हातबाँब वापरले. तीन ठाणी गप्प केली आणि बांधाच्या माथ्यावर उभा राहून मराठ्यांची रणगर्जना करत मागच्या कंपन्यांना पुढे बोलावलं. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच दिवशी, त्याच नदीवर, त्याच डिव्हिजनमधल्या अली हैदर या कोहाटकडच्या पठाण शिपायालाही मिळाला. नामदेव जाधव परत आले आणि १९८४ साली पुण्यात वारले. मी तेव्हा चार वर्षांचा होतो.

दुसरे नाईक यशवंत घाडगे, माणगावजवळचे, तिसऱ्या पलटणीचे. १० जुलै १९४४, तायबरच्या वरच्या खोऱ्यात. सगळी तुकडी पडली, हा एकटा धावून गेला, आणि गोळ्या भरायला वेळ नाही म्हणून बंदूक नळीकडून धरून दस्त्यानेच लढला. तिथेच गेला, वय बावीस. त्याचा पुतळा माणगावात आहे, आणि इटलीत मोंतोने या गावी २०२३ साली त्याच्या नावाने एक छायाघड्याळ उभारलं गेलं. मूर्तिकाराला विचाराल तर घाडग्यांचाच प्रसंग उचलेल: उगारलेली बंदूक, ताणलेले स्नायू, उघडं तोंड. प्रदर्शनात बक्षीस त्यालाच मिळतं. मीही आधी त्याचीच चित्रं काढली होती. पण का कोण जाणे, मन परत परत त्या ओझ्याकडे जाई. पाण्यातून माणूस उचलून आणणारा शिपाई, आणि त्याच वेळी हातात हत्यार नाही.

मग सुरू झालं गणित, म्हणजे आमचा प्रांत. पंचवीस फुटांचा बांध पस्तीसने भागला तर बावीस सेंटिमीटर. पाण्याचा पट्टा साधारण पंधरा फूट, म्हणजे तेरा सेंटिमीटर. पाणी चार फूट धरलं तर साडेतीन सेंटिमीटर, आणि शिपाई पाच फूट पाच इंच धरला तर पावणेपाच सेंटिमीटर. म्हणजे पाण्यात उभा केला की छातीच्या वर बुडाला! इतकं घडवायचं आणि पाण्यात घालवायचं? म्हणून तो पाण्यातून निघून बांध चढतोय तो क्षण घेतला. एक गुडघा चिखलात, खांद्यावर माणूस, टोपाची कड डोळ्यांवर आलेली.

बांध मी सुरुवातीला बारा सेंटिमीटरचाच केला होता, मांडायला सोपा म्हणून. शेजारचे आजोबा कुंपणापलीकडून लिंबं द्यायला आले होते. ऐंशीच्या घरातले गोरे गृहस्थ, त्यांचे वडील न्यूझीलंडच्या त्या डिव्हिजनमध्ये होते. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "हा स्टॉपबँक फार ठेंगणा झाला. माझे वडील म्हणायचे, तिथे पलीकडचं काही दिसायचंच नाही. म्हणून तर भीती वाटायची." ते गेल्यावर सौ. म्हणाली, "आता परत सुरू का?" परत सुरू. थर्मोकोल आणि प्लास्टर नव्याने आणलं, आणि बावीस सेंटिमीटरचा बांध उभा राहिला. आता टेबलासमोर बसलं की खरोखरच पलीकडचं दिसत नाही. आजोबांचं खरं होतं. अलीकडच्या काठाशी तामियाची युनिव्हर्सल कॅरियर गाडी उभी आहे, काजळी धरलेली. पण या देखाव्यात ती आता पाहुणी आहे.

ओतकामातली फजिती लपवत नाही. रेझिनच्या दोन द्रवांपैकी एकाला ओलावा अजिबात खपत नाही. पाण्याचा अंश मिळाला की त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो. ऑकलंडचा जुलै महिना, गॅरेजमधली दमट हवा आणि मी बाटलीचं झाकण सैल ठेवलेलं. साच्यात ओतलं आणि चहा घ्यायला आत गेलो. परत येऊन पाहतो तो शिपाई साच्यातून वर फुगून आलेला, अगदी इडलीसारखा! दुसऱ्या खेपेला नाकाच्या टोकाशी हवेचा बुडबुडा राहिला आणि सगळी तुकडी नकटी निघाली. चिरंजीवांनी त्यांना 'नो-नोज बटालियन' नाव ठेवलं. तिसऱ्या खेपेला जमलं. (कोणी करणार असेल तर सांगून ठेवतो: रेझिन कानशीने घासताना उडणारी धूळ फुफ्फुसाला वाईट. पाणी लावून घासा, मास्क लावा, आणि स्वयंपाकघरातलं भांडं वापरू नका. शेवटच्या सूचनेमागे इतिहास आहे.)

खरा अडथळा आला चेहऱ्यांशी. नामदेवांचा चेहरा खाली झुकलेला, टोपाच्या सावलीत. त्यांच्या फोटोवरून नाकाची आणि हनुवटीची ठेवण घेतली, बाकी सावलीने निभावलं. पण खांद्यावरचा तो दुसरा माणूस? त्याचं तोंड पाठीकडे लोंबतंय. त्याला कोणाचा चेहरा द्यायचा?

आता घरातली गोष्ट सांगतो. माझ्या आईचे धाकटे काका मराठा पलटणीत होते. इटलीत गेले, परत आले नाहीत. घरात एवढंच माहीत. कुठली पलटण, कुठली तारीख, काही नाही. एक फोटो होता म्हणे, तो एका पावसाळ्यात कौलं गळून गेला. काकी आईच्या लहानपणी घरातच होत्या. दर महिन्याला पेन्शन आणायला पोस्टात जाताना त्या नवं लुगडं नेसत, हे आईला स्पष्ट आठवतं.

युद्धात गेलेल्यांची नोंद ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीत मी त्यांचं नाव शोधलं. त्याच नावाचे तीन शिपाई निघाले. गावाचं नाव एकाच्याही पुढे जुळत नव्हतं. आपल्याकडचा हिंदू शिपाई गेला की त्याचं दहन व्हायचं, त्यामुळे गोऱ्या शिपायांसारखी एकेकाच्या नावाची कबर, एकेक दगड, असं त्याच्या वाट्याला आलं नाही. इटलीत फोर्लीच्या दफनभूमीत दहन झालेल्या साडेसातशेहून जास्त हिंदुस्थानी शिपायांची नावं एका स्मारकावर आहेत. सांग्रोला तसंच दुसरं आहे. ज्यांचा ठावठिकाणाच लागला नाही त्यांची नावं कॅसिनोला. यशवंत घाडग्यांचं नावही तिथेच. आमच्या त्या तिघांपैकी आमचा कोणता, कोण सांगणार?

मी नगरला फोन लावला. आई म्हणाली, "मी कुठे पाहिलंय रे त्यांना? माझा जन्म पंचावन्नचा."

"काकी काही सांगायच्या का? दिसायला कसे होते?"

बराच वेळ फोनवर काही ऐकू येईना. मला वाटलं लाइन गेली. मग म्हणाली, "डावी भुवई मधे तुटलेली होती. लहानपणी बैलाचं शिंग लागलं होतं. काकी म्हणायच्या, हसले की ती भुवई एकटीच वर जायची."

दोन सेंटिमीटरचा व्रण पस्तीसने भागा. अर्धा मिलिमीटर, थोडा जास्त. मी सुईच्या टोकाने तो पाडला. बाकीचा चेहरा कुठून आणला म्हणाल, तर चिरंजीवांना अर्धा तास स्टुलावर बसवला आणि मान मागे टाकायला लावली. त्याचे कान आमच्या आजोळचे आहेत असं आई नेहमी म्हणते. मुलगा कधी नव्हे तो न बोलता बसला होता. मग म्हणाला, "पण हा तर उलटा लटकलाय. दिसणार कोणाला?"

खरंच, दिसत नाही. मागून, खालून, टॉर्च लावून वाकलं तरच.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. या छंदात मी खडूस म्हणून प्रसिद्ध आहे. रणगाड्याच्या चाकावरचा एक बोल्ट कमी असला तर मी दुसऱ्याच्या मॉडेलवर बोट ठेवतो. आणि इथे मी स्वतःच एक धडधडीत खोटं घडवलं. आईचे काका पहिल्या पलटणीत होते याला पुरावा नाही. ते सेनियोला होते याला पुरावा नाही. नामदेवांनी वाचवलेल्या दोघांपैकी ते नक्कीच नव्हते. वाचले असते तर घरी आले असते. म्हणून खालच्या पट्टीवर नदीचं नाव, तारीख आणि नामदेव जाधव एवढंच लिहिलं. जखमी माणसाचं नाव लिहिलं नाही. पण भुवई काही बुजवली नाही.

आईला फोटो पाठवला. तिने तो मोठा करून पाहिला असावा, कारण उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. फोनच केला. म्हणाली, "म्हणजे पाण्यातून वर निघाला म्हणायचा." मग लगेच विचारलं, "तिकडे थंडी किती आहे? मुलाला स्वेटर घालतोस ना?"

वेलिंग्टनला ते पापा संग्रहालयात गॅलिपोलीचं प्रदर्शन तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिलं असेल. वेटा वर्कशॉपने केलेली ती माणसं खऱ्या माणसाच्या २.४ पट मोठी आहेत. हातावरची लव, कपाळावरचा घाम, सगळं दिसतं. २०१५ पासून लोक तिथे रांगा लावतात. त्याच वर्षी पीटर जॅक्सन यांच्या प्रदर्शनात चुनुक बेअरच्या लढाईचा भव्य देखावा मांडला होता; त्यातले ५४ मिलिमीटरचे हजारो शिपाई न्यूझीलंडभरच्या छंदिष्टांनी आपापल्या घरी बसून, फुकट रंगवले होते. ते प्रदर्शन २०१८ मध्ये बंद झालं. एकीकडे माणूस अडीचपट, दुसरीकडे बोटाच्या दोन पेरांएवढा, आणि बघणारा दोन्हीकडे तितकाच गप्प होतो असं मी पाहिलं आहे. त्या हजारोंतला एखादा शिपाई रंगवताना कोणा न्यूझीलंडरने आपल्या पणजोबाची खूण गुपचूप केली नसेल? मला तर वाटतं केलीच असणार.

तर आता माझ्या स्वार्थाचं. नदीपलीकडच्या बांधावर मला आणखी सहा शिपाई उभे करायचे आहेत, नामदेवांच्या हाकेला ओ देऊन पुढे येणारे. पुतळे तयार आहेत, चेहरे कोरे आहेत. या वेळी सगळे एकाच साच्यातले नकोत. आपल्या मंडळात सातारचे आहेत, कोल्हापूरचे आहेत, रत्नागिरी-रायगडचे आहेत, बेळगावचे तर चार कुटुंबं आहेत. मराठा पलटणीचं केंद्र तिथलंच. कोणाच्या आजोबांचा, पणजोबांचा, चुलत्याचा पलटणीतला फोटो घरात असेल, कितीही पुसट असला तरी चालेल, त्यांनी तो दिवाळीच्या कार्यक्रमाला आणावा. फोटो मी हातात घेणार नाही, तुमच्याच हातात असताना मोबाइलवर टिपून घेईन. फोटो नसेल आणि घरात नुसतं सांगितलेलं काही असेल, मोडलेलं नाक, मोठे कान, गालावरची खळी, तर तेही लिहून आणा. मी जेवणाच्या रांगेच्या उजव्या हाताला, चहाच्या टेबलाजवळ बसेन. सोबत तो बावीस सेंटिमीटरचा बांध असेल. लहान मुलांनी हात लावला तर हरकत नाही, फक्त पाण्याला लावू नये. ते अजून वाळतंय.